पाळ्यांचा तक्ता आखणाऱ्यांना खुले पत्र: आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी

प्रति,
चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी आणि राज्यातल्या इतर औद्योगिक वसाहतींमधले कारखाना व्यवस्थापक, मनुष्यबळ विभागाचे प्रमुख आणि कामगार संघटनांचे पदाधिकारी

स.न.वि.वि.

आपल्या नोटीस बोर्डावर पाळ्यांचा जो तक्ता लागतो, त्याबद्दल हे पत्र आहे. कोण फर्स्टला, कोण सेकंडला, कोण थर्डला, हे ठरवताना उत्पादनाचा प्लॅन, मशीनची संख्या, गैरहजेरी, बसचे मार्ग असे बरेच काही बघितले जाते. माणसाचे हृदय बघितले जात नाही. मी औद्योगिक पट्ट्यात प्रॅक्टिस करणारा फिजिशियन आहे. छातीत दुखते, धाप लागते, बीपी वाढले म्हणून चाळिशीतली माणसे येतात, तेव्हा त्यांच्या केसपेपरवर रक्तदाब आणि साखरेच्या शेजारी मी आता पाळ्यांचा क्रमही लिहून ठेवतो. उपचार ठरवताना तो लागतोच.

मुख्य मागणी सुरुवातीलाच सांगतो. पाळ्या पुढच्या दिशेने फिरवा: पहिली, मग दुसरी, मग तिसरी. आणि रातपाळीचा आठवडा संपल्यावर माणसाला पुरते दोन दिवस द्या. बाकीच्या गोष्टी ह्याला धरून येतात.

हे का म्हणतो, ते समजण्यासाठी शरीराच्या घड्याळाबद्दल थोडे बोलावे लागेल. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर सुमारे २० हजार पेशींचा एक बारीक पुंजका आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस आणि रात्र ओळखतो आणि सगळ्या शरीराला वेळ सांगतो. पण घड्याळ तेवढे एकच नाही. यकृत, मूत्रपिंड, रक्तवाहिन्यांची भिंत, हृदयाचे स्नायू, सगळ्यांच्या पेशींत आपापले घड्याळ चालू असते. दिंडीत पखवाजाच्या ठेक्यावर सगळे टाळकरी चालतात, तशी ही घड्याळे मेंदूतल्या त्या पुंजक्याच्या ठेक्यावर चालतात. पेशीच्या आत ही यंत्रणा कशी फिरते, ते फळमाशीवर काम करून शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे हे भक्कम पायावर उभे असलेले शास्त्र आहे, कुणाच्या तरी प्रकृतीचे लाड नव्हेत.

निरोगी माणूस रात्री झोपला की त्याचा रक्तदाब दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली येतो. नाडी मंदावते. हृदयाला चोवीस तासांत मिळणारी खरी विश्रांती तेवढीच. पहाट होण्याआधीच कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला जागे करणारे संप्रेरक, चढू लागते. उठून उभे राहिल्यावर ॲड्रेनालिन वाढते, रक्तदाब झपाट्याने वर जातो, रक्तातल्या प्लेटलेट जास्त चिकट होतात. रक्ताची गुठळी विरघळू न देणारे एक प्रथिन असते, त्याचे प्रमाणही सकाळीच सर्वांत जास्त असते. दिवसाच्या कामासाठी शरीराची ही तयारी आहे, आणि धडधाकट माणसाला तिचा त्रास होत नाही. ज्याच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचला आहे, त्याच्यासाठी मात्र हेच तास धोक्याचे. अमेरिकेत १९८५ मध्ये जेम्स म्युलर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचे झटके दिवसाच्या कोणत्या तासाला सुरू होतात ते मोजले. रात्री ११ च्या तुलनेत सकाळी ९ च्या सुमारास ते जवळजवळ तिप्पट होते.

आता ह्यात तिसरी पाळी घाला. रात्री १० ते सकाळी ६. माणूस जागा असतो, पण त्याचे घड्याळ झोपेच्या वेळेत असते. आपल्याला वाटते, चार रात्री जागला की सवय होते. तशी होत नाही. मेंदूतले घड्याळ उलटीकडे सरकायला बरेच दिवस घेते, साधारणपणे दिवसाला तासभर सरकले तरी खूप झाले. त्यात सकाळी घरी जाताना डोळ्यांवर पडणारे ऊन त्याला पुन्हा दिवसाच्या वेळेवर ओढून आणते. रविवारी माणूस बायकापोरांबरोबर दिवसा जागतो, आणि थोडे सरकलेले घड्याळ परत मूळ जागी येते. मेंदू एक वेळ सांगतो, रात्री अडीचला पोटात गेलेले जेवण यकृताला दुसरीच वेळ सांगते. ह्या ओढाताणीत रात्री खाली यायला हवा तो रक्तदाब नीट खाली येत नाही.

हे प्रयोगशाळेतही दाखवून झाले आहे. २००९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी १० निरोगी माणसांना २८ तासांच्या ‘दिवसा’वर ठेवले, म्हणजे त्यांचे झोपणे-खाणे हळूहळू आतल्या घड्याळाच्या उलट होत गेले. पूर्ण उलट झाले तेव्हा रक्तदाबाची सरासरी ३ टक्क्यांनी वाढली, साखर वाढली. ज्या ८ जणांची पुरेशी माहिती हाती आली, त्यांतल्या तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर गेली. काही दिवसांत, आणि निरोगी माणसांत. आपल्याकडे हेच पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे चालते.

मोठ्या अभ्यासांचे आकडेही देतो, कारण आपण आकड्यांत विचार करणारी माणसे आहात. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात २० लाखांहून अधिक लोक होते. पाळ्यांत काम करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २३ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८९ हजार परिचारिकांवरचा दीर्घकालीन अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. फिरती रातपाळी १० वर्षे किंवा जास्त केलेल्यांना हृदयरोगाचा धोका १५ ते १८ टक्क्यांनी जास्त होता, आणि रातपाळी सोडून जितकी वर्षे गेली तितका तो कमी होत गेला. शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. झालेले नुकसान काही अंशी भरून येते, म्हणजे वेळेवर केलेला बदल वाया जात नाही.

रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला झटका येतो, असे मी म्हणत नाही. तंबाखू, वजन, घरातला इतिहास, सगळे असतेच. पण आपल्या भागातल्या माणसाकडे मुळातच गाठीला वेळ कमी आहे. २००४ च्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) ५३ निघाले, इतर देशांतल्या लोकांचे ५९ च्या आसपास. त्यात २३ टक्क्यांची भर म्हणजे लहान मुले शाळेत असताना घरातला कमावता माणूस आडवा होणे. अशी घरे मला माहीत आहेत.

आता तक्त्याकडे येतो.

माझ्याकडे येणाऱ्यांत ज्यांच्या पाळ्या आठवड्याला बदलतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा क्रम उलटा असतो: तिसरी, मग दुसरी, मग पहिली. कामगारांना तो आवडतोही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पाळ्या ६ ते २, २ ते १०, १० ते ६ अशा धरा, आणि रविवारची सुटी. उलट्या क्रमात पहिली पाळी शनिवारी दुपारी २ ला सुटते आणि तिसरी सोमवारी रात्री १० ला सुरू होते. मध्ये सलग ५६ तास मिळतात. गावी जाऊन येता येते, शेतातले एखादे काम उरकता येते. पण ह्या ५६ तासांची किंमत उरलेले दोन आठवडे भरतात. तिसरी रविवारी सकाळी ६ ला सुटते आणि दुसरी सोमवारी दुपारी २ ला, म्हणजे ३२ तास. दुसरी शनिवारी रात्री १० ला सुटते आणि पहिली सोमवारी सकाळी ६ ला, पुन्हा ३२ तास. आणि प्रत्येक बदलात शरीराला आदल्या आठवड्यापेक्षा आठ तास लवकर झोपायला आणि उठायला सांगितले जाते.

लवकर झोपणे अवघड आणि उशिरा झोपणे सोपे, हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्याचे कारण आपल्या घड्याळातच आहे. उजेड-अंधाराचा इशारा काढून घेतला तर माणसाचे घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या फेऱ्याने चालते, हे हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांनी १९९९ मध्ये दाखवले. ते स्वभावतःच किंचित मागे रेंगाळते. म्हणून पहिलीवरून दुसरीला आणि दुसरीवरून तिसरीला जाणे त्याला त्यातल्या त्यात झेपते. उलटे जाणे झेपत नाही.

ह्याच झाइस्लरनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, ग्रेट सॉल्ट लेकच्या काठच्या खनिज-रसायन कारखान्यात तक्ता बदलून पाहिला. तिथे कामगार दर आठवड्याला उलट्या क्रमाने फिरत होते. क्रम सुलटा केला आणि काही जणांची पाळी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलली. कामगारांच्या तक्रारी कमी झाल्या, नोकरी सोडून जाणे कमी झाले आणि उत्पादन वाढले. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये ४५ पोलिसांवर असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. तीच माणसे, तेच काम. सुलट्या क्रमात त्यांचा रक्तदाब, साखर आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी कमी झाली. औषधाची एकही गोळी न देता. एखाद्या नव्या गोळीने एवढे केले असते तर तिची जाहिरात सगळीकडे झाली असती. ही दोन्ही कामे चाळीस वर्षांपूर्वीची आहेत, आणि आपले तक्ते अजून तसेच.

सुलट्या क्रमातली अडचण मी लपवणार नाही. वरचाच हिशेब उलटा करून पाहा. पहिलीवरून दुसरीला जाताना ४८ तास मिळतात, दुसरीवरून तिसरीलाही ४८. पण तिसरी रविवारी सकाळी ६ ला सुटते आणि पहिली सोमवारी सकाळी ६ ला सुरू होते. फक्त २४ तास. १९४८ च्या कारखाने कायद्यात मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीसाठी साप्ताहिक सुटी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास, असे धरले होते. कागदावर ते पाळले जाते, पण त्यात माणूस रविवारी दुपारभर झोपतो, रात्री त्याला झोप लागत नाही, आणि सोमवारी पहाटे साडेचारला तो बसस्टॉपवर उभा असतो. म्हणून रातपाळीच्या आठवड्यानंतर सोमवारही सुटीचा हवा. पहिली पाळी मंगळवारी सुरू होऊ दे. दर माणसामागे तीन आठवड्यांतून एक पाळी, एवढा त्याचा खर्च आहे. आपल्या वार्षिक मेडिक्लेमच्या हप्त्याशेजारी, गैरहजेरीच्या आकड्याशेजारी आणि रिजेक्शनच्या, म्हणजे नापास होणाऱ्या मालाच्या, आकड्याशेजारी तो ठेवून बघा.

आठवड्याने बदलावे की दोन-तीन दिवसांनी, ह्यावर तज्ज्ञांत दोन मते आहेत. युरोपात अनेक जण दोन-दोन दिवसांची जलद फिरती पसंत करतात, म्हणजे घड्याळ मुळात हलतच नाही आणि रात्रीही दोनच जागाव्या लागतात. दुसरा पक्ष तीन-चार आठवडे एकच पाळी ठेवा म्हणतो. माझ्या मते आपल्याकडे, जिथे दहा बाय दहाच्या खोलीत कुटुंब राहते आणि दिवसा सलग झोप मिळणे दुर्मीळ आहे, तिथे कमी सलग रात्री हाच बरा मार्ग. पण दिशा कोणती, ह्यावर वाद जवळजवळ नाही. तिथून सुरुवात करा.

‘डबल’ बंद करा. सेकंड संपवून तिथूनच थर्ड मारणारी मुले मी बघतो. बहुतेक कंत्राटावरची, काही ॲप्रेंटिस. पैसे मिळतात म्हणून तीही नाही म्हणत नाहीत. कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे कळकळीने सांगतो, ते १२ तास निदान रात्रीचे नसावेत. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात रातपाळीचे काम सरासरी २४ तासांत ८ तासांवर जाऊ नये, दोन पाळ्यांत सलग ११ तासांची विश्रांती असावी आणि रातपाळीवर लावण्याआधी व नंतर ठराविक काळाने मोफत आरोग्य तपासणी व्हावी, असे आहे. त्यांच्याशी माल विकण्याचे करार करताना आपण त्यांची गुणवत्तेची मानके पाळतोच.

कॅन्टीनबद्दल. रात्री दोन-अडीचला पूर्ण थाळी वाढली जाते, किंवा वडा-समोसा, आणि दर दोन तासांनी गोड चहा. त्या वेळी शरीरात मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक भरात असते आणि इन्सुलिन हात आखडता घेते, म्हणून तेच जेवण रात्री साखर जास्त वाढवते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० तरुण, निरोगी माणसांना प्रयोगशाळेत रातपाळीसारखे जागवले. एका गटाने दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा खाल्ले, दुसऱ्याने फक्त दिवसा. पहिल्या गटात हृदयाच्या ठोक्यांवरचे मज्जासंस्थेचे नियंत्रण आणि गुठळी टिकवणारे ते प्रथिन, दोन्ही बिघडले. फक्त दिवसा खाणाऱ्यांत तसे झाले नाही. जागरण दोघांचे सारखेच. एवढ्या लहान प्रयोगावरून कामगाराला रात्रभर उपाशी ठेवा, असे मी म्हणणार नाही. अंगमेहनतीचे काम आहे, आणि मधुमेहाची औषधे घेणारा माणूस उपाशी राहिला तर साखर उतरून मशीनवर कोसळेल. पण मुख्य जेवण पाळीच्या सुरुवातीला, मध्यरात्रीच्या आत ठेवता येते. मध्यरात्रीनंतर ताक, फुटाणे, उकडलेले अंडे, मूग, एखादे फळ असे हलके. शेवटचा चहा-कॉफी तीन वाजेपर्यंत. कंत्राटदाराला सांगायचा हा एका मीटिंगचा विषय आहे.

झोपेबद्दल फार लिहीत नाही, कारण घर आपल्या हातात नाही. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे इथल्या भाड्याच्या खोल्या आपण पाहिल्या असतील. पत्र्याचे छप्पर, एका खोलीत चार जण आणि चौघांच्या पाळ्या वेगळ्या. तिसऱ्या पाळीला येणाऱ्या बायकांना घरी गेल्यावर डबे आणि मुलांची शाळा असते, त्यांची झोप चार तासांवर जात नाही. आपल्या हातात आहे ते एवढे: एका खोलीत राहणाऱ्या कामगारांना शक्य तर एकाच पाळीत ठेवणे, सकाळच्या बसच्या खिडक्यांना जाड पडदे लावणे, ट्रेनिंग आणि मीटिंगसाठी रातपाळीच्या माणसाला दुपारी १२ ला न बोलावणे, आणि रात्रीच्या विश्रांतीत २० मिनिटे आडवे व्हायला परवानगी व जागा देणे. ती डुलकी कामचुकारपणा नाही.

तपासणीचे आता. वार्षिक आरोग्य तपासणीची व्हॅन सकाळी १० ला येते, रांगेत उभ्या माणसाचा रक्तदाब एकदा मोजते आणि जाते. रातपाळीच्या माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो की नाही, हे त्यात कधीच कळणार नाही. दंडाला बांधून चोवीस तास रक्तदाब नोंदवणारे यंत्र येते. चाळिशी ओलांडलेल्या, आणि पाच वर्षांहून जास्त रातपाळी केलेल्या प्रत्येकाची एकदा तरी ती नोंद घ्या. आणि तपासणीत दोष निघाला तर त्या माणसाला दिवसपाळी द्या, घरी बसवू नका. नोकरी जाईल ह्या भीतीने माणसे बीपीची गोळी खिशात लपवून घेतात, असे मी रोज बघतो.

गोळ्यांचा घोळ तर वेगळाच आहे. आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर ‘सकाळी १, रात्री १’ लिहितो आणि थर्डचा माणूस विचारतो, साहेब, माझी सकाळ कोणती? ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की संध्याकाळी, ह्याने झटक्याच्या किंवा पक्षाघाताच्या प्रमाणात फरक पडला नाही. तेव्हा ती गोळी न चुकता जमेल अशा वेळेला बांधावी, जसे की झोपून उठल्यावर. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन मात्र जेवणाशी जोडलेले असते, त्याचे पाळीनुसार वेगळे वेळापत्रक करून द्यावे लागते. कंपनीच्या डॉक्टरने ते करून दिले पाहिजे.

आणि तो डॉक्टर जनरल शिफ्टमध्ये नऊ ते पाच असतो. पहाटे पाचला छातीत जड वाटणारा माणूस सुपरवायझरकडून ॲसिडिटीची गोळी घेतो आणि मोटारसायकलवर बसतो. तिसऱ्या पाळीतही ईसीजी काढू शकणारे कुणी तरी हवे, आणि तो ईसीजी फोनवरून लगेच बघणारा डॉक्टर ठरलेला हवा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री अँजिओप्लास्टी होते, ह्याचा कागद गेटवर हवा. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांत अडलेली वाहिनी उघडणे हे उद्दिष्ट असते. त्याच्या आधीचा वेळ कारखान्यात जातो. १०८ ला फोन करायला वरिष्ठाची परवानगी लागू नये.

कामगार संघटनांना एक विनंती. दर करारात आपण रातपाळी भत्ता वाढवून घेता, तो घ्याच. पण पुढच्या करारात पाळ्यांचा क्रम, रातपाळीनंतरची दुसरी सुटी आणि रात्रीचा ईसीजी हेही मागा. ५६ तासांची सुटी जाते म्हणून सभासद कुरकुर करतील. त्यांना वरचा हिशेब फळ्यावर लिहून दाखवा: उलटा क्रम ५६, ३२, ३२, सुलटा क्रम आणि सोमवारची सुटी, तर प्रत्येक वेळी ४८.

सगळा कारखाना एकदम बदलण्याची गरज नाही. एक लाइन घ्या. तीन महिने सुलटा क्रम ठेवा आणि आधी व नंतर त्या लाइनवरच्या सगळ्यांचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, गैरहजेरी आणि रिजेक्शन मोजा. मोजमापाचे काम मी मोफत करून देईन. कामगारांशी बोलायचे असेल तर थर्ड शिफ्टच्या जेवणाच्या सुटीत येईन, म्हणजे त्यांना दिवसा झोपेतून उठावे लागणार नाही. निकाल माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध गेला, तर तोही आपल्या नोटीस बोर्डावर लावावा. कोणत्या लाइनवर आणि कोणत्या महिन्यापासून, एवढे कळवा.

कळावे,
आपला,
चाकण परिसरातला एक फिजिशियन